ताडपत्रीखालचं सरपण

लाकडं किती लागतील याचा मी हिशेब केला होता, आणि तो चुकला होता. एवढं एक वाक्य त्या जानेवारीत माझ्या तोंडातून बाहेर पडलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. पण मी पडलो पुण्याचा, त्यात इंजिनियर. चूक कबूल करण्यापेक्षा कुडकुडत बसणं मला जास्त सोपं जातं. आणि त्या वर्षी तर कुडकुडायलाही घरात दुसरं माणूस होतं.

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं. न्यूयॉर्क राज्याच्या पार उत्तरेला, कॅनडाच्या हद्दीजवळ, एका कागदाच्या मिलमध्ये मी नोकरीला होतो. न्यूयॉर्क म्हटलं की पुण्यातल्या लोकांच्या डोळ्यांसमोर उंच इमारती यायच्या. आमच्याकडे गाई, बर्चची झाडं आणि बर्फ. जवळचं मराठी घर अडीच तासांवर. पहिलंच घर विकत घेतलेलं, लाकडी, जुनं. हिवाळ्यात ते तापवायला बैठकीच्या खोलीत बिडाचा एक भलामोठा स्टोव्ह होता, त्यात लाकडं जाळायची. तळघरात तेलाची भट्टी होती खरी, पण ती आधीच्या मालकाच्या हयातीतच गंजून बसली होती. विजेचा हीटर लावला की फ्यूज उडायचा. "भट्टीचं पुढच्या वर्षी बघू," असं मी बायकोला सांगून टाकलं होतं. ती तेव्हा पाच महिन्यांची गरोदर होती.

लाकडं विकायचा तो शेजारचा म्हातारा. गाई राखायचा, स्वतःच्या रानातली झाडं तोडायचा आणि वर्षभर वाळवून ठेवायचा. तिकडे लाकूड कॉर्डच्या मापाने घेतात. चार फूट उंच, चार फूट रुंद, आठ फूट लांब रचलेला ढीग म्हणजे एक कॉर्ड. म्हातारा सप्टेंबरात आला, घराभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "सहा घे."

मी कागद-पेन्सिल काढली. भिंतींचं क्षेत्रफळ, खिडक्या, बाहेरचं सरासरी तापमान, मेपलच्या लाकडात उष्णता किती, स्टोव्ह त्यातली किती देतो. उत्तर आलं चार. जरा वरच धरून चार. म्हाताऱ्याने तो कागद बघितला, उलटा करून पाठीमागे काही आहे का तेही बघितलं, आणि मला परत दिला.

"तू म्हणशील तसं," तो म्हणाला. "फक्त फेब्रुवारीत माझ्याकडे येऊ नकोस. तेव्हा वाळलेलं लाकूड या गावात कुणाकडेच नसतं."

मी ही गोष्ट मिलमध्ये जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना रंगवून सांगितली. पिढ्यान् पिढ्या ही माणसं अंदाजाने लाकडं जाळतायत, कुणी गणितच केलेलं नाही, वगैरे. म्हणतात ना, अति शहाणा त्याचा बैल रिकामा. माझा बैल तर सप्टेंबरातच रिकामा हिंडत होता, मला दिसत नव्हता एवढंच.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण बायकोला विमानाचा प्रवास डॉक्टरांनी मना केला, तेव्हा माहेरच आमच्याकडे आलं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सासूबाई सोलापूरहून आल्या. एका बॅगेत पातळं आणि दोन सोलापुरी चादरी, दुसरीत डिंक, खारीक, आळीव, बाळंतशोपा, वेखंड, ज्वारीचं पीठ. विमानतळावरून हे सगळं कसं सुटलं देव जाणे. मला विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, यातलं काही आणू नका.

त्या मुळात मोजकं बोलायच्या आणि माझ्याशी त्याहून मोजकं. मी खोलीत आलो की खुर्चीवरून उठायच्या. "आई, बसा हो," मी म्हणायचो. "बसते की," त्या म्हणायच्या, आणि उभ्याच राहायच्या. मी त्यांचा 'जावईबापू'. जावयाकडे काही मागायचं नाही आणि लेकीच्या घरचं आपल्यासाठी काही खर्ची पडू द्यायचं नाही, हा त्यांचा नेम. आम्ही आणलेली रजईसुद्धा त्यांनी घडी न मोडता बायकोच्या पलंगावर नेऊन ठेवली. बायको एरवी मला नावाने हाक मारायची, 'अरे-तुरे' करायची. आई आल्या दिवसापासून तिचं 'अहो' सुरू झालं. मला ते भारी आवडलं, हेही कबूल करतो.

अमेरिकेत त्यांना सगळ्याचीच भीती वाटायची. भांडी धुणारं यंत्र, आपोआप उघडणारं गॅरेजचं दार, फोनमधून बोलणाऱ्या बायका. एक स्टोव्ह तेवढा त्यांनी पहिल्या दिवशी पाहिला आणि म्हणाल्या, "अगंबाई, ही तर चूल!" त्या क्षणापासून स्टोव्ह त्यांचा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लाकडं आणून टाकली तर त्यांनी दोन उचलली, एकमेकांवर आपटली, कान दिला आणि एक बाजूला ठेवलं.

"हे ओलं आहे, जावईबापू."

"आई, वर्षभर वाळलेलं आहे ते. मेपल आहे."

"असेल," त्या म्हणाल्या. ते लाकूड मी मुद्दाम स्टोव्हमध्ये घातलं. अर्धा तास ते नुसतं फुसफुसत राहिलं, दोन्ही टोकांना फेस आला आणि खोलीभर धूर झाला. त्यांनी उठून खिडकी उघडली.

जानेवारीच्या सुरुवातीला मुलगी झाली. बाळंतपण जड गेलं. बायकोची कंबर धरली, उठताना भिंतीचा आधार घ्यावा लागे. सासूबाईंनी पदर खोचला. सव्वा महिना शेक. एक दिवस चुकवायचा नाही. बाळंतिणीची कंबर सव्वा महिन्यात बसली तर बसली, नाहीतर जन्माचं दुखणं, असं त्या बायकोला सांगायच्या. त्यांची स्वतःची कंबर अशीच राहिली होती. त्यांच्या बाळंतपणात त्यांची आई आजारी होती आणि शेकायला कुणी नव्हतं. लेकीचं तसं होऊ द्यायचं नाही, एवढ्यासाठी त्या समुद्र ओलांडून आल्या होत्या.

त्यांना पलंगाखाली निखाऱ्यांचं घमेलं ठेवायचं होतं. ते मात्र मी चालू दिलं नाही, बंद खोलीत निखारे ठेवले तर माणसं झोपेत मरतात. त्यावर त्यांनी दुसरा मार्ग काढला. स्टोव्ह रसरशीत पेटवायचा, त्याच्या पाठीवर जाड फडक्यांच्या घड्या तापवायच्या, आणि समोर चटईवर लेकीला पालथं निजवून एकामागून एक घडी कंबरेवर ठेवायची. सकाळी तास, दुपारी तास. आंघोळीचं पाणीही स्टोव्हवरच तापायचं. "नळाच्या गरम पाण्याला धग नसते," त्या म्हणायच्या. शेवटी बाळाला ओवा आणि बाळंतशोपांची धुरी. पहिल्या दिवशी धुरी दिली तेव्हा छतावरचा धुराचा अलार्म बोंबलायला लागला. मी खुर्चीवर चढून टॉवेल हलवतोय, बायको हसून हसून कंबर धरतेय, सासूबाई "अगं बाई, अगं बाई" करतायत आणि पोरगी ढाराढूर झोपलेली.

घर उबदार होतं. बायको आठवड्याभरात भिंत सोडून चालायला लागली. आणि गॅरेजमधला ढीग खाली खाली जात होता.

मी रोज मोजत होतो. जानेवारी संपला तेव्हा चारातली दीड कॉर्ड उरली होती. या वेगाने मार्चच्या पहिल्या आठवड्यात गॅरेज झाडून काढता आलं असतं, आणि तिकडे एप्रिल अर्धा होईपर्यंत थंडी हटत नाही. माझ्या गणितात बाळंतीण नव्हती, शेक नव्हता, आंघोळीच्या पाण्याची पातेली नव्हती. बाळ जानेवारीत होणार हे मला सप्टेंबरात माहीत नव्हतं का? होतं की. कागदावर मांडायचं सुचलं नव्हतं.

बायकोला सांगितलं असतं तर ती पहिलं वाक्य म्हणाली असती, "म्हाताऱ्याने सहा सांगितल्या होत्या ना?" ते ऐकायची माझी तयारी नव्हती. मिलमध्ये तर लोक वाटच बघत होते. मग मला माझ्या आईची एक युक्ती आठवली. आमच्या घरी महिन्याच्या शेवटी आई सांगायची, तांदूळ संपले. सगळे हात आखडून जेवायचे. आणि अगदीच नड आली की ती कुठूनसा मागे ठेवलेला डबा काढायची. आम्हा भावंडांना त्यात काही लबाडी वाटायची नाही, उलट आईचं कौतुकच वाटायचं. फक्त आई ते करायची तेव्हा सगळ्यात कमी तीच जेवायची, ही गोष्ट मी सोयीस्कर विसरलो.

फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी बायको बाळाला घेऊन डॉक्टरांकडे गेली. सासूबाई सोबत गेल्या. मी मिलचं काम आहे म्हणून घरी राहिलो. त्या तीन तासांत मी बर्फावर ओढायच्या स्लेडवरून खेपा घालून पाऊण कॉर्ड लाकूड अंगणाच्या पार टोकाला नेलं. तिथे आधीच्या मालकाचं कोंबड्यांचं पडकं खुराडं होतं, त्याच्या पाठीमागे म्हाताऱ्याचं रान सुरू व्हायचं. खुराड्याआड ढीग रचला, वर निळी ताडपत्री टाकली, चार कोपऱ्यांवर चार लाकडं ठेवली. घाम फुटला होता. संध्याकाळी बर्फ पडला आणि स्लेडचे माग बुजले. देवही आपल्याच बाजूला आहे, असं वाटलं मला. काय म्हणावं या गाढवपणाला!

त्या रात्री जेवताना मी गंभीर चेहरा करून सांगितलं की लाकडं फार थोडी राहिली आहेत, गॅरेजमध्ये जाऊन बघा हवं तर. बायको गेली, बघून आली. "एवढीच?" ती म्हणाली. "काल तर बरीच वाटत होती."

"कालपासून काय कमी जाळलीत का?" मी म्हणालो. उचलली जीभ लावली टाळ्याला. सासूबाई ताट घेऊन उठल्या आणि मोरीकडे गेल्या. आमच्याकडे मोरी नव्हती, सिंक होतं, पण त्या गेल्या तशाच, मान खाली घालून.

दुसऱ्या दिवसापासून मी दुधाच्या बाटल्यांचा एक जुना क्रेट स्टोव्हशेजारी ठेवला. सकाळी कामावर जाण्यापूर्वी त्यात दहा लाकडं मोजून ठेवायची. क्रेट रिकामा झाला की त्या दिवसाचं संपलं. मला धाकधूक होती की शेक बंद पडेल, बायको चिडेल. पण नाही. शेक दोन्ही वेळा चालू राहिला. मी घरी यायचो तेव्हा बैठकीची खोली उबदार असायची, बाळ-बाळंतीण गुलाबी, आणि क्रेटमध्ये कधी कधी दोन लाकडं शिल्लक! मी खूश. मिलमध्ये सांगितलं, "बघा, शिस्त लावली की भागतं." एकाने कसं जमवलंस विचारलं तर मी त्याला हवेची झडप कशी लावायची यावर व्याख्यान दिलं. दहा लाकडांत शेक कसा होतो, हा प्रश्न मला स्वतःला पडला नाही. पडायला हवा होता. गणित माझंच होतं.

दोन आठवड्यांनी एका शनिवारी सकाळी शेजारचा म्हातारा आला. दारातच उभा राहिला, टोपी हातात.

"तुझ्या सासूबद्दल बोलायचं होतं," तो म्हणाला. "ती माझ्या रानात येते. रोज येते. काटक्या गोळा करते. माझी काही हरकत नाही, वाळकं तर आहे सगळं. पण तिच्या पायात कापडी बूट असतात आणि बर्फ गुडघाभर आहे. परवा मी तिला ट्रकमध्ये बसवत होतो तर हात जोडून नको म्हणाली. मी लाकडं देऊ केली तर तीही नको." जरा थांबून त्याने विचारलं, "तुझी संपली का?"

"छे, छे," मी म्हणालो. "भरपूर आहेत." आणि मग, देवा शपथ खरं सांगतो, मी म्हणालो, "आमच्याकडे म्हाताऱ्या बायकांना सवय असते."

तो गेला. मला लाज वाटली का? वाटली, पण ती लाज बाहेर आली ती रागाच्या रूपाने. खाई त्याला खवखवे. ताडपत्री त्याने पाहिली असेल का, मिलमध्ये बातमी जाईल का, हेच डोक्यात. मी तरातरा स्वयंपाकघरात गेलो. बायको ओट्याशी उभी होती. सासूबाई आतल्या खोलीत बाळाला तेल लावत होत्या, दार अर्धं उघडं. जावयाने सासूला तोंडावर बोलायचं नाही एवढी रीत मी पाळली. म्हणजे बायकोशी बोललो, आणि सासूबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात बोललो.

"आपण काय भिकारी आहोत का? परक्याच्या रानात काटक्या वेचायच्या! लोक काय म्हणतील, इंजिनियरच्या घरात जाळायला लाकूड नाही? माझी काही इज्जत आहे की नाही या गावात?"

"अरे, हळू," बायको म्हणाली. आईसमोर पहिल्यांदाच तिच्या तोंडून 'अरे' निघालं. तिला काटक्यांचं काही माहीत नव्हतं. ती दुपारी बाळाबरोबर झोपायची तेव्हा आई बाहेर जात होत्या.

सासूबाई दारात आल्या. हाताला तेल तसंच. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "चुकलं माझं. आता नाही जाणार." आणि पुन्हा आत गेल्या.

आईच्या वयाची बाई मला 'चुकलं' म्हणाली. खुराडं खिडकीतून दिसत होतं. खरं सांगायला दोन मिनिटं लागली असती. मूग गिळून गप्प बसलो. मी मनाशी ठरवलं की त्यातलं लाकूड हळूहळू, कुणाला कळू न देता आणायचं. पण बर्फात पावलं उमटतात. रोज वाटायचं, उद्या बर्फ पडेल, मग जाऊ. पडायचा तेव्हा बायको खिडकीशी असायची. असं करत करत मी खुराड्याकडे फिरकलोच नाही.

सासूबाई पुन्हा रानात गेल्या नाहीत, अंगणातसुद्धा उतरल्या नाहीत. शेक मात्र चालूच राहिला. तो कसा, ते मला फेब्रुवारीच्या अखेरीस कळलं. माळ्यावरची बॅग काढायला मी त्यांच्या खोलीत गेलो. ही घराच्या पाठच्या बाजूची खोली. बैठकीची ऊब तिच्यात यावी म्हणून मधलं दार उघडं ठेवायचं असतं. ते दार त्या बंद ठेवत होत्या. दाराखालच्या फटीत चिंधी कोंबलेली होती, बैठकीतली ऊब इकडे येऊन वाया जाऊ नये म्हणून. गादीवर दोन चादरी घडी करून ठेवलेल्या, त्यावर बाहेर जायचा कोट. उशाशी तांब्या होता. त्यातल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरला होता.

मी तो तांब्या हातात घेऊन उभा राहिलो. त्यांच्या बोटांची पेरं लाल होऊन सुजली होती ते मी आठवडाभर बघत होतो. भाकरी थापून होतं, असं त्या बायकोला सांगायच्या आणि मी ते ऐकून सोडून देत होतो.

बाहेर येऊन म्हणालो, "आई, ते दार उघडं ठेवत जा हो. फार गार आहे तिथे."

"बाळाची ऊब जाते," त्या म्हणाल्या. "मला काही होत नाही. सोलापूरच्या उन्हात भाजून निघालेलं शरीर हे. दोन-चार महिने गार लागलं तर बिघडत नाही."

त्या दिवसापासून क्रेटमध्ये मी चौदा लाकडं ठेवायला लागलो, आता ऊन वाढतंय, उरलेली पुरतील असं कारण देऊन. ऊन कुठलं वाढतंय! त्यांनी त्यातली दहाच जाळली. चार रोज संध्याकाळी क्रेटमध्ये तशीच असायची, आणि दुसऱ्या सकाळी मी चौदा पुरी करायचो. असा आमचा मुक्याने व्यवहार चालला होता. ते दार उघडलं नाही.

सव्वा महिना पुरा झाला, वर आणखी पंधरा दिवस त्यांनी आपल्या मनाने शेकलं. बायकोची कंबर बसली. आजतागायत दुखलेली नाही. मार्चअखेर त्यांचं परतीचं तिकीट होतं. विमानतळावर त्यांनी नातीच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली, लेकीला जवळ घेतलं आणि मला लांबूनच नमस्कार केला. गाडीत बायको रडत होती. मी रस्त्याकडे बघत होतो. मनात म्हणालो, सुटलो. हो, हाच शब्द मनात आला, खोटं कशाला बोलू?

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात बर्फ वितळला. गॅरेजमध्ये अजून लाकडं होती, थंडी सरत आली होती, तरी मी एका सकाळी खुराड्याकडे गेलो. म्हटलं, आता ही लाकडं गॅरेजमध्ये हलवून टाकू, कुणी विचारलं तर म्हाताऱ्याकडून पुढच्या वर्षाची घेतली म्हणून सांगू. खोटं बोलायची सवय लागली की पुढची खोटी आपोआप सुचतात.

ताडपत्री मी चार लाकडांनी दाबून ठेवली होती. ती चार लाकडं खाली घसरून चिखलात पडली होती. फेब्रुवारीतल्या वादळात ताडपत्री उडून जायला हवी होती. ती उडाली नव्हती. चारही कोपऱ्यांच्या भोकांतून कापडाच्या पट्ट्या ओवून ढिगाच्या खालच्या लाकडांना घट्ट बांधल्या होत्या. हिरवं सुती पातळ होतं ते, बाळाची दुपटी करायला सासूबाईंनी फाडलेलं. त्यांची गाठ मी ओळखली. लोणच्याच्या बरणीच्या तोंडावर बांधायच्या दादऱ्याला त्या अशीच मारायच्या. गाठी ओल्या होऊन आवळल्या होत्या, नखांनी सुटेनात. आतलं एकही लाकूड भिजलं नव्हतं. एकही कमी झालं नव्हतं. मी रचलं होतं तसं शेवटच्या ओळीपर्यंत होतं.

मी तिथेच खुराड्याच्या फळीवर बसलो. माझ्या ओरडण्यानंतर त्यांनी रानाकडे पाऊल टाकलं नव्हतं. म्हणजे हे त्याच्या आधीचं. काटक्या वेचताना त्यांना ढीग दिसला असणार, उडालेली ताडपत्री दिसली असणार. लाकूड ओलं की सुकं हे आवाजावरून ओळखणारी बाई. ते कुणाचं, कुठून आलं, का लपवलं, हे त्यांना कळायला कितीसा वेळ लागला असेल? जावयाने मागे ठेवलंय म्हणजे त्याला हवं असेल, भिजायला नको. गाठी मारल्या आणि पुन्हा काटक्या वेचायला लागल्या. मी स्वयंपाकघरात 'इंजिनियरच्या घरात जाळायला लाकूड नाही?' म्हणून ओरडत होतो तेव्हा त्यांना माहीत होतं. तेलाच्या हातांनी दारात येऊन 'चुकलं माझं' म्हणाल्या तेव्हा माहीत होतं. लेकीला त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत. बायकोला आजही वाटतं की त्या वर्षी लाकडं खरंच कमी पडली.

मला रडू आलं. चाळिशीकडे झुकलेला माणूस मी, खुराड्यावर बसून रडलो.

रविवारी सकाळी सोलापूरला फोन लावला. तिकडे संध्याकाळ. त्यांच्या घरी फोन नव्हता, शेजाऱ्यांकडे करायचा आणि त्यांना बोलावून आणेपर्यंत धरून ठेवायचा. बायको बाळाला आंघोळ घालत होती. मी वाक्य पाठ केलं होतं: आई, ती लाकडं मी लपवली होती, मला माफ करा. लांबून चपलांचा आवाज आला, मग त्यांचा श्वास. धावत आल्या असाव्यात.

"काय झालं? बाळ बरं आहे ना?"

"बरं आहे, आई. सगळे बरे आहेत."

"हिची कंबर?"

"बरी आहे." मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "आई, मी काय म्हणत होतो..."

पलीकडे नुसती खरखर. त्या थांबल्या होत्या. मला वाटतं त्यांना कळलं मी काय म्हणणार ते, आणि जावयाच्या तोंडून ते ऐकणं त्यांना सोसलं नसतं.

"लाकडं पुरली ना हो, जावईबापू?" त्यांनीच विचारलं, घाईघाईने. "मी हिला तेव्हाच म्हणाले होते, तुझ्या नवऱ्याचा हिशेब कधी चुकायचा नाही."

"पुरली," मी म्हणालो.

"मग झालं तर," त्या म्हणाल्या, आणि फोन महाग पडतो म्हणून ठेवून दिला.

त्यानंतर सात वर्षं त्या होत्या. तीनदा मी सोलापूरला गेलो. तिन्ही वेळा त्या मला बघून खुर्चीवरून उठल्या, आणि तिन्ही वेळा मी म्हणालो, "आई, बसा हो." दुसरं काही म्हणालो नाही.